तीन दिवस, सत्तावीस अंश

काळ्या घोड्याच्या पुलावरून मी बादली सोडते
तेव्हा कोणी ना कोणी स्कूटर थांबवतंच.
‘शुं पड्युं, बेन?’
काही पडलं नाही, काका. पाणी काढतेय.
‘आ पाणी?’
आणि मग माझ्याकडे तसंच बघतात
जसं नात्यातले लोक बघतात
आई ‘एम.एस्सी., पर्यावरण’ म्हणाल्यावर.
चांगलंय. म्हणजे झाडं वगैरे ना?

विश्वामित्री. पाच ठिकाणं, महिन्यातून दोन फेऱ्या,
तीनशे मिलिलिटरच्या बाटल्या, तिरक्या बुचाच्या.
आत एक बुडबुडा राहता कामा नये,
बाहेरच्या हवेने नदीची बाजू घेता कामा नये.
मग दोन द्रावणं सोडायची, बाटली उलटीपालटी करायची,
थांबायचं.
गाळ तपकिरी बसला तर पाण्यात प्राणवायू आहे.
पांढरा बसला तर नाही.

फेब्रुवारीपासून मुंजमहुड्याची बाटली पांढरी.
दुधासारखी, म्हणणार होते,
पण दूध कशाला मध्ये.
फाल्गुनी म्हणाली, काय सुंदर दिसतंय, फोटो काढ.
काढला.

उरलेल्या बाटल्या कपाटात:
अंधार, सत्तावीस अंश, तीन दिवस.
तिसऱ्या दिवशी दार उघडून
किती श्वास खर्च झाला ते मोजायचं.
तिसऱ्या दिवशी आपली माणसं नदीवर
काय घेऊन जातात, ते मॅन्युअलमध्ये नाही.
मी दार उघडण्याआधी चपला काढते.
रमणभाई हसतात. फरशी थंड असते.

टायट्रेशन मला बाबांनी शिकवलं.
रंगाच्या कारखान्यात एकतीस वर्षं, शिफ्ट केमिस्ट;
नखांच्या मुळाशी अजून थोडा केशरी.
‘ब्युरेटकडे बघत बसू नकोस, बाटलीकडे बघ.
डाव्या हाताने तोटी, उजव्याने हलवत राहा.
निळा जातो तो एका थेंबात जातो.
गेला की परत विचारता येत नाही.’

चौथ्या ठिकाणी पूल नाही, काठ उतरावा लागतो.
एप्रिलच्या दुसऱ्या फेरीला तिथे मगर होती.
मादी. मागे उकरलेली माती, म्हणजे अंडी.
मी बाभळीखाली तीन तास बसले
बर्फाच्या डब्यावर, बर्फाचं पाणी होईपर्यंत.
ती हलली नाही. का हलेल?
या पाण्यातला प्राणवायू तिला लागतच नाही,
नाक वर काढते, आपल्यासारखा घेते,
आणि पिल्लांना इथेच सोडते.

सर म्हणाले, मागचा आणि पुढचा घे, सरासरी टाक.
एवढ्या एका आकड्याने काय होतं, देवयानी.

रात्री नखं काढू नयेत म्हणतात.
बाबा पेपर पसरून काढत होते.
मी विचारलं नव्हतं, नुसतं सांगितलं होतं.
बऱ्याच वेळाने, अंगठ्याशी आल्यावर, म्हणाले,
‘रात्रपाळीला आम्ही पीएच आधी लिहायचो.
सात पूर्णांक दोन.
मग नमुना आणायला जायचो.
नंतर नंतर जायचोही नाही.’
किती वर्षं, बाबा?
त्यांनी पेपरची घडी केली, नखं आत ठेवून,
आणि कचऱ्याच्या डब्यापर्यंत गेले.
तिथे जरा जास्तच वेळ उभे राहिले.

प्रबंधातला तक्ता तिसरा, ओळ चौथी:
एक चौकोन कोरा आहे.
खाली बारीक अक्षरात कारण, मगरीसकट.
बाहेरचे परीक्षक विचारतील. विचारू देत.

छापून आणल्यावर बाबांनी चष्मा लावला,
आकड्यांवरून बोट नेत वाचलं, हिशेब तपासावा तसं.
कोऱ्या चौकोनावर बोट थांबलं.
मग शेजारच्या रकान्यात गेलं.
‘मे महिन्याचा काय आला?’
शून्य.
‘बाटली भरली होतीस ना पण? स्वतः?’
हो.
‘मग ठीक,’ म्हणाले,
आणि शून्यावर बोट तसंच ठेवून
आईला चहा टाकायला सांगितला.